आधी आवाज, मग फोटो: जुन्या जागांचा बोलका स्लाइड शो

बहुतेक जण सुरुवात फोटोंपासून करतात. सत्तर-ऐंशी फोटो जमवायचे, ओळीने लावायचे आणि मग त्यांच्यावर काय बोलायचं ते शोधायचं. त्यातून जे तयार होतं ते अल्बमची पानं उलटत कुणीतरी "हा पूल, ही शाळा, हा मागचा रस्ता" असं सांगत बसावं तसं असतं. घरचे पाहतात, बाकीचे दुसऱ्या मिनिटाला उठतात. क्रम उलटा करा. आधी चार मिनिटांचं निवेदन लिहा, रेकॉर्ड करा, कापून-छाटून पक्कं करा आणि मग त्या तयार आवाजाला फोटो लावा. आवाज पक्का असला की कोणता फोटो कुठे यायचा आणि किती सेकंद थांबायचा, हे ठरवायला डोकं खाजवावं लागत नाही.

विषय लहान, प्रश्न एक

"आमच्या गावाचा इतिहास" हा स्लाइड शोचा विषय नव्हे, तो ग्रंथाचा विषय आहे. एक विहीर, एक पूल, बंद पडलेलं एक स्टेशन, बाजाराचा एखादा कोपरा, एवढंच घ्या. आणि त्या जागेबद्दल एकच प्रश्न धरा. पुलाला सहा कमानी आहेत, मग पाणी दोनच कमानींखालून का वाहतं? शाळेच्या दारावर कोरलेलं साल आणि नोंदवहीतलं पहिलं साल जुळत का नाही? प्रश्न ठरला की जमवलेल्या माहितीतली निम्मी आपोआप गळते. हे गाळणं जिवावर येतं, पण पाहणाऱ्याच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं.

लांबी तीन ते पाच मिनिटं. शब्दांचा हिशेब करताना इंग्रजीतला मिनिटाला दीडशे शब्दांचा आकडा घेऊ नका. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. "विहिरीजवळच्या" हा एक शब्द, पण म्हणायला तीन शब्दांइतका वेळ घेतो. सावकाश, स्पष्ट वाचलं तर मिनिटाला १०० ते ११५ शब्द होतात. मधले विराम धरून चार मिनिटांना ४०० शब्द पुरे. फोटो सरासरी ७ सेकंद पडद्यावर राहतो असं धरलं तर २४० सेकंदांत चौतीस बसतात. पण नकाशा, शिलालेख किंवा गर्दीचा समूहफोटो १० ते १२ सेकंद मागतो, म्हणून २५ ते ३० चांगले फोटो असले की काम भागतं.

माहिती: काय ठाम, काय ऐकीव

कागदावर तीन रकाने आखा: निवेदन, त्या वेळी दिसणारा फोटो, आणि माहिती कुठून आली. तिसरा रकाना सगळे टाळतात. महिन्याभराने कुणी "हे साल कुठून काढलं?" असं विचारलं की त्याचीच आठवण येते.

स्थानिक इतिहासात सालांचा घोळ सर्वांत जास्त. दगडावर किंवा जुन्या कागदावर शालिवाहन शक असेल तर त्यात ७८ मिळवा. तिथी पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल, म्हणजे इंग्रजी वर्ष बदलून गेलेलं असेल, तर ७९. शके १७८० म्हणजे १८५८-५९. महिना माहीत नसेल तर दोन्ही सालं जोडूनच सांगा. हिजरी सालाला असा ठरावीक आकडा मिळवून चालत नाही, कारण ते वर्ष चांद्र आहे, सुमारे ३५४ दिवसांचं. तिथे जंत्रीच पाहावी लागते. फोटोच्या मागे कुणी "१८२०" लिहिलं असेल तर ते सोडून द्या. फोटो काढण्याची व्यवहार्य रीत जगासमोर आली तीच १८३९ साली.

आणि शब्द जपून वापरा. कागद पाहिला असेल तर "नोंद आहे". दोन-तीन म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं असेल तर "सांगतात". आपण स्वतः अंदाज बांधला असेल तर "असावं". हे तीन शब्द जागच्या जागी पडले की जाणकार प्रेक्षक तुमच्यावर विश्वास ठेवतो. "असं म्हटलं जातं" ही सबगोलंकार शब्दयोजना मात्र टाळा. कोण म्हणतं ते सांगा.

लिहिणं: दिसतं ते बोलू नका

फोटोत जे दिसतंय तेच निवेदनात पुन्हा सांगणं ही पहिली चूक. विहिरीचा फोटो समोर आहे आणि आवाज म्हणतो, "ही एक जुनी दगडी विहीर आहे. तिला पायऱ्या आहेत. हा परिसर अतिशय निसर्गरम्य आहे." पाहणाऱ्याला यातून नवं काहीच मिळालं नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा:

"काठाच्या दगडावर बोटभर खोल खोबणी दिसतील. छिन्नीच्या नाहीत त्या. दोर घासून पडल्यात. मोजल्या तर अकरा भरतात. आणि सगळ्या एकाच बाजूला आहेत."

इथे डोळा दगडावर जातो, खोबणी मोजायला लागतो आणि "एकाच बाजूला का?" हा प्रश्न त्याच्या मनात आपणहून उभा राहतो. पुढचा परिच्छेद त्याचं उत्तर.

वाक्य दहा-बारा शब्दांचं असावं. एका वाक्यात एकच आकडा. सालं आकड्यांत न लिहिता अक्षरांत लिहा, "अठराशे अठ्ठावन्न" असं, म्हणजे वाचताना जीभ अडखळत नाही. मापं डोळ्यांसमोर आणा: "चोवीस फूट खोल" ऐकून कळत नाही, "दुमजली घर आत मावेल" हे कळतं. "सदर वास्तू", "उक्त ठिकाणी", "निर्माण करण्यात आली" ही सरकारी भाषा कागदावर भारदस्त वाटते, कानाला मात्र जड जाते. बोलताना आपण "बांधली" म्हणतो, तेच लिहा. "नमस्कार मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत" याने सुरुवात केली की पहिली पंधरा सेकंदं वाया. पहिलं वाक्यच खोबणींचं असू द्या. गावाचं नाव पडद्यावर येईलच.

लिहून झालं की घड्याळ लावून मोठ्याने वाचा. मनात वाचणं नेहमी वेगाने होतं आणि तो वेळ खोटा निघतो. जिथे दोनदा अडखळलात ते वाक्य मोडून दोन करा.

जुने फोटो हाताळताना

प्रिंट स्कॅन करायचे तर फ्लॅटबेड स्कॅनर. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटला ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. चार बाय सहा इंचाचा फोटो मग २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो आणि पडद्यावर थोडा जवळ नेला तरी फाटत नाही. पासपोर्टच्या मापाचा असेल तर १२००. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह असेल तर २४०० पासून पुढे. मूळ स्कॅन टिफ या तपशील न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात ठेवा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. कामासाठी जेपेग प्रत वेगळी काढा. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. पिवळेपणा नंतर काढता येतो, डाग आणि शाई यांतला फरक मात्र रंगामुळेच ओळखता येतो.

अल्बमला किंवा काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. वरचा थर काचेवरच राहतो. आहे तसाच मोबाईलने टिपा. खिडकीच्या बाजूने येणारा सौम्य उजेड घ्या, फ्लॅश बंद ठेवा आणि काचेत स्वतःचंच प्रतिबिंब पडत असेल तर काळ्या कापडाला भोक पाडून त्यातून लेन्स बाहेर काढा. फोन अगदी जवळ नेला की चौकटीच्या कडा फुगतात. दोन-तीन फूट मागे राहून २ एक्स लेन्सने घेतलं तर रेषा सरळ येतात.

वर्तमानपत्रातला फोटो बारीक ठिपक्यांनी छापलेला असतो. तो कमी रिझोल्यूशनला स्कॅन केला की पडद्यावर लहरीलहरींची जाळी दिसते. ६०० डीपीआयला घ्या, स्कॅनरमध्ये डीस्क्रीनची, म्हणजे ही जाळी पुसण्याची सोय असेल तर चालू करा, मग आकार निम्मा करा. अशा फोटोवर झूम मात्र देऊ नका. हलला की जाळी पुन्हा नाचते.

फोटो मागवताना लोक ते व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवतात आणि लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येऊन पोचते. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" एवढं आधीच सांगून ठेवा. आयफोनवरून हीक प्रकारची फोटो-फाइल आली आणि एडिटरने (फोटो आणि आवाज जोडायच्या सॉफ्टवेअरने) ती उघडली नाही तर जेपेगमध्ये बदलून घ्या.

एआयने रंग भरणं आणि चेहरे "स्वच्छ" करणं सध्या फार सोपं झालंय. आमचं मत: करू नका. रंग हा यंत्राचा अंदाज असतो, आणि पुसट चेहऱ्यातून यंत्र जो चेहरा काढतं तो त्या माणसाचा नसतो. घरच्यांना तो लगेच परका वाटतो. धूळ, ओरखडा, फिकेपणा काढण्यापुरतं थांबा.

तेव्हा आणि आता

या प्रकारच्या स्लाइड शोमध्ये लोक पुन्हा मागे जाऊन पाहतात ती एकच गोष्ट: जुना फोटो विरघळत आजचं तेच दृश्य उमटतं तो क्षण. तो साधला तर मनात राहतो. अंदाजे "इथूनच काढला असेल" म्हणून घेतलेल्या फोटोत मात्र इमारत उडी मारते आणि सगळा परिणाम जातो. म्हणून इथे वेळ घाला.

जुन्या फोटोची प्रत हातात घेऊन त्या जागी जा. त्यात पुढची एक आणि मागची एक अशा दोन न बदललेल्या कडा शोधा, समजा जवळच्या भिंतीचा कोपरा आणि त्यामागचा मनोरा. जुन्या फोटोत मनोरा कोपऱ्याला चिकटलेला आहे, आणि आज तुम्हाला तो कोपऱ्याच्या उजवीकडे, मध्ये आकाशाची फट ठेवून दिसतोय. अशा वेळी डावीकडे सरका. फट बुजत जाईल. नियम एवढाच की मागची वस्तू ज्या बाजूला सुटलेली दिसते त्याच्या उलट बाजूला पाय टाकायचा.

डावं-उजवं जमलं की पुढे-मागे. जवळची भिंत मागच्या मनोऱ्याच्या मानाने जास्त मोठी दिसत असेल तर तुम्ही फार पुढे आहात, मागे या. हे झूम करून सुटत नाही. झूमने चौकट बदलते, दोन वस्तूंमधलं प्रमाण बदलत नाही. ते फक्त उभं राहण्याच्या जागेवर ठरतं. शेवटी उंची. भिंतीवरून मागचं जास्त दिसत असेल तर कॅमेरा खाली घ्या. जुने फोटोग्राफर कधी गच्चीवर, कधी बैलगाडीवर उभे राहिलेले असतात, त्यामुळे जमिनीवरून काही केल्या जुळत नसेल तर आसपास उंचवटा शोधा.

फोनची अतिरुंद, ०.५ एक्स लेन्स वापरू नका. कडेच्या इमारती ताणल्या जातात. चौकट दहा-पंधरा टक्के सैल ठेवा, नंतर फिरवून-कापून जुळवायला जागा लागते. जुन्या फोटोतल्या सावल्या पाहून वेळ साधा. एडिटरमध्ये नवा फोटो खाली, जुना वर, वरच्याची अपारदर्शकता ५० टक्के. मग एकमेकांपासून लांब असलेले दोन स्थिर बिंदू जुळवा. आधी एक बिंदू बसवा, मग दुसऱ्यासाठी आकार आणि कोन बदला. विरघळायला दीड ते दोन सेकंद द्या, आणि त्या वेळी निवेदन बंद ठेवा.

आवाज

फोटो थोडे पुसट चालतात, आवाज घुमणारा चालत नाही. प्रेक्षक काय खटकतंय ते सांगू शकत नाही, नुसता बंद करतो. महाग मायक्रोफोनपेक्षा खोली महत्त्वाची. उघड्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलीत टाळी वाजवली की जी झणझण येते तीच निवेदनात येणार. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर, पाठीमागे जाड गोधडी किंवा रजई, खाली सतरंजी, एवढ्याने फोनवरचं रेकॉर्डिंगही सुधारतं. पंखा, एसी, फ्रिज बंद. फ्रिज बंद केला तर आपली किल्ली आत ठेवा. ती घेतल्याशिवाय बाहेर पडणार नाही आणि फ्रिज चालू करायचा राहणार नाही. फोन विमान मोडवर.

माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर आणि समोर न ठेवता किंचित बाजूला. अगदी समोर ठेवला की "प", "फ", "भ" यांचा फटका थेट बसतो आणि धप्प असा आवाज येतो. जवळ ठेवायला घाबरून दोन फुटांवर ठेवला तर खोलीच जास्त ऐकू येते. रेकॉर्डिंगची सेटिंग: ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, मोनो म्हणजे एकाच वाहिनीचा आवाज. आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये नाचली पाहिजे; शून्याला लागलेला आवाज फाटतो आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरने शिवता येत नाही. सुरुवातीला दहा सेकंद काहीच न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा. ती पुढे दोनदा कामी येणार आहे.

वाचताना चुकलात तर थांबा, एक टाळी वाजवा, दोन सेकंद जाऊ द्या आणि पूर्ण वाक्य पहिल्यापासून म्हणा. चुकलेल्या शब्दापासून पुढे गेलात तर जोडाच्या जागी सूर बदललेला कळतो. टाळीचा उभा सुळका आलेखावर लांबूनच दिसतो, त्यामुळे कापायच्या जागा शोधाव्या लागत नाहीत. कागद सळसळतो, मजकूर दुसऱ्या पडद्यावर ठेवा. बातम्या वाचल्यासारखं न वाचता समोर एक माणूस बसलाय असं समजून सांगा.

यंत्राच्या आवाजाचा मोह होईल. मराठीत त्याची फजिती "च", "ज", "झ" यांवर होते. "चमचा" मधला "च" आणि "चिमणी" मधला "च" वेगळा, हे लिपीत दिसत नाही. यंत्र बरेचदा चुकीचा निवडतं. गावांची, आडनावांची, जुन्या वस्तूंची नावं तर हमखास बिघडतात, आणि स्थानिक इतिहासात तीच सगळ्यात जास्त असतात. अडखळता असला तरी माणसाचाच आवाज बरा.

ऑडॅसिटी हे आवाज कापण्या-सुधारण्याचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि एवढ्या कामाला पुरतं. क्रम असा ठेवा: चुका कापा, ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर लावून खालची घरघर काढा, सुरुवातीच्या शांततेचा नमुना देऊन नॉइज रिडक्शन (मागचा खरखराट कमी करणं) ६ ते १२ डेसिबल, त्याहून जास्त नाही, नाहीतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा गुळगुळ होतो, शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन, म्हणजे एकूण आवाज ठरावीक पातळीला आणणं, उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप). तिथे मोनोला ड्युअल-मोनो धरण्याची खूण चालू ठेवा. परिच्छेदांमध्ये एक-दीड सेकंद थांबा घालायचा असेल तर कोरी शांतता न टाकता रेकॉर्ड केलेली खोलीची शांतता टाका. पूर्ण कोऱ्या शांततेत कानाला खड्ड्यात पाय पडल्यासारखं होतं.

एखाद्या जुन्या माणसाचा आवाज दहा-पंधरा सेकंद मिळाला तर सोन्याहून पिवळं. प्रश्न विचारण्यापेक्षा फोटो हातात द्या आणि "यात कोणकोण दिसतंय?" एवढंच म्हणा. उत्तर संपल्यावर लगेच पुढचं विचारू नका. पाच सेकंद गप्प राहिलं की खरी गोष्ट येते.

संगीत हवंच असेल तर निवेदनाखाली १८ ते २० डेसिबल दबलेलं. बरेचदा त्या जागेवर टिपलेला आवाज, पाणी, पाखरं, लांबची आगगाडी, जास्त काम करतो.

जुळवणी

शॉटकट, केडेनलाइव्ह, ओपनशॉट हे मोफत एडिटर यासाठी भरपूर झाले. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्तीही आहे, पण तिला दमदार संगणक लागतो. प्रकल्प १९२० बाय १०८०, सेकंदाला २५ फ्रेम. फोटोंना ०१०, ०२०, ०३० अशी दहा-दहाने नावं द्या. मध्ये घालायचा फोटो ०२५ होतो आणि बाकीचे हलत नाहीत.

निवेदन टाइमलाइनवर, म्हणजे एडिटरमधल्या वेळेच्या पट्टीवर टाका, ऐकत ऐकत खुणा करा, मग फोटो बसवा. एखाद्या वस्तूचं नाव येण्याच्या अर्धा सेकंद आधी तिचा फोटो यावा. उशिरा आला तर डोळा आधीच्या चित्रात ती शोधत राहतो. प्रत्येक फोटो वाक्याच्या पूर्णविरामालाच बदलला तर ताल शाळेतल्या परेडसारखा होतो. काही बदल वाक्याच्या मध्ये टाका. महत्त्वाची माहिती सांगून झाल्यावर तीन सेकंद फोटो तसाच, आवाज बंद.

हालचाल कमी. सात सेकंदांत १०० वरून १०६-१०८ टक्क्यांपर्यंत, एवढंच. दगडावरच्या अक्षरांकडे नेत असाल तर जवळ जा, चेहऱ्यावरून गर्दी उघडायची असेल तर मागे या. कारण नसेल तर फोटो स्थिर ठेवा. आपोआप मिळणारा केन बर्न्स इफेक्ट (स्थिर फोटोवर झूम आणि सरकणं) बंद करा, कारण निवेदन शिलालेखाचं चालू असतं आणि चौकट आभाळाकडे निघते. किती जवळ जाता येईल ते फोटोच्या रुंदीवरून कळतं: २४०० पिक्सेल भागिले १९२० म्हणजे सव्वापट. त्यापुढे चित्र भुसभुशीत दिसतं. संक्रमणं साधा कट किंवा अर्ध्या सेकंदाचा डिझॉल्व्ह, म्हणजे एक फोटो विरघळत दुसरा उमटणं. पान उलटणं, घन फिरणं, चांदण्या उधळणं नको.

उभा फोटो आडव्या चौकटीत बसवताना मागे त्याचीच धूसर प्रत ताणून लावायची पद्धत पडली आहे. ती जुन्या फोटोंना शोभत नाही. गडद राखाडी पार्श्वभूमी ठेवा, किंवा फोटो रुंदीभर मोठा करून वरून खाली सावकाश सरकवा.

एडिटर शिकायचा नसेल तर पॉवरपॉइंटमध्येही होतं. फोटो घालण्याच्या आधी पर्यायांमध्ये जाऊन चित्रं दाबू नयेत अशी खूण करा, नाहीतर सेव्ह करताना तो त्यांचं रिझोल्यूशन उतरवतो. आणि एक खोच लक्षात ठेवा: एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना तो आवाज रेकॉर्ड करत नाही. स्लाइड पूर्ण आल्यावर एक सेकंद थांबून बोला, बोलून झाल्यावर एक सेकंद थांबून पुढे जा, म्हणजे शेवटचं अक्षर तुटत नाही. मग व्हिडिओ म्हणून एक्स्पोर्ट.

पडद्यावरची अक्षरं

युनिकोड फॉन्टच वापरा. नोटो सान्स देवनागरी आणि मुक्त दोन्ही मोफत आहेत. डीटीपीचे जुने फॉन्ट दुसऱ्या संगणकावर उघडले की मजकुराचा चिखल होतो. काही एडिटरमध्ये पहिली वेलांटी अक्षरानंतर पडते किंवा जोडाक्षर फुटतं. "दुसऱ्या", "विहिरीच्या", "क्लिष्ट" हे तीन शब्द टाकून आधी तपासा. बिघडत असेल तर अक्षरांची पाटी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करून पारदर्शक पीएनजी म्हणून आणा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. दोन ओळींत अंतर सैल ठेवा, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकारात घुसते. अक्षर ४८ पिक्सेलपेक्षा लहान नको आणि कडेपासून पाच टक्के आत. पाटी मनातल्या मनात दोनदा वाचून होईल इतका वेळ राहू द्या.

उपशीर्षकं एसआरटी या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) सेव्ह करून. नोटपॅडमध्ये एन्कोडिंग एएनएसआय राहिलं तर सगळीकडे प्रश्नचिन्हं येतात.

हक्क आणि परवानगी

फोटो ज्याच्याकडे आहे तो त्याचा हक्कदार असेलच असं नाही. हक्क सहसा काढणाऱ्याकडे असतो. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार फोटोंना किमान २५ वर्षं संरक्षण आहे, पण बहुतेक देशांच्या कायद्यांत ते त्याहून बरंच जास्त असतं, तेव्हा आपल्याकडची मुदत पाहून घ्या. इंटरनेटवर सापडलं म्हणजे मोकळं झालं असं नाही. विकिमीडिया कॉमन्सवरच्या प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो. सीसी (क्रिएटिव्ह कॉमन्स) बाय असेल तर श्रेय देणं बंधनकारक, सीसी बाय-एसए असेल तर त्यावर बेतलेली कृतीही त्याच अटीवर द्यावी लागते. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरता येतो, श्रेय पडद्यावर हवं. जुना फोटो देणाऱ्याकडून आणि आवाज देणाऱ्याकडून दोन ओळींची लेखी संमती घ्या: कशासाठी, कुठे दाखवणार, नाव द्यायचं की नाही.

शेवटची फाइल

एमपी४ फाइल, चित्र एच.२६४ पद्धतीने दाबलेलं, ८ ते १० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट); आवाज एएसी पद्धतीने, १९२ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). चार मिनिटांचा शो साधारण २५० ते ३०० एमबी होतो. आधी तो फोनच्या स्पीकरवर ऐका, मग डोळे मिटून ऐका, मग आवाज बंद करून पाहा. डोळे मिटल्यावर गोष्ट कळली पाहिजे. आवाज बंद असताना एखाद्या फोटोवर हात आपोआप पुढे सरकवायला गेला तर तो फोटो जास्त वेळ थांबलाय. हीच फाइल गावातल्या एका जुन्या माणसाला दाखवल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नका. चुकीचं नाव तोच पकडतो.

मूळ स्कॅन, वेव्ह फाइल, तीन रकान्यांचा कागद आणि संमतिपत्रं एकाच फोल्डरमध्ये, दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. प्रकल्पाची फाइलही त्यातच राहू द्या, कारण साल चुकलंय असं सांगणारा माणूस बहुधा शो दाखवून झाल्यावरच भेटतो, आणि तेव्हा फक्त ते एक वाक्य पुन्हा रेकॉर्ड करून बसवायचं असतं. त्यासाठी माइक, अंतर आणि खोली पहिल्यासारखीच ठेवावी लागते. कागदाच्या कोपऱ्यात तेवढं लिहून ठेवा.